बस्त्यातले बूट

“ह्योबी नको,” धोंडूबाई म्हणाली आणि तिसरा जोडही तिनं बाजूला सारला.

हर्षलानं हिरमुसून दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार मात्र शांत होता. कर्जतच्या बाजारात त्यानं कितीतरी लग्नसराया काढलेल्या. होणाऱ्या सासूपुढे आपण बोलायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं.

आज बस्ता होता. दोन्हीकडची मंडळी शेजारच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून कुठल्या मामाला कसली टॉवेल-टोपी यावर हुज्जत घालत होती. नवरीची चप्पल नवरदेवाकडून घ्यायची, म्हणून धोंडूबाई सुनेला घेऊन इकडे आली होती. सोनेरी पट्ट्यांची सँडल तर चुटकीसरशी ठरली. धोंडूबाईनं आपला पाय हर्षलाच्या पायाला लावून बघितला आणि “एकच माप हाय गं आपलं!” म्हणून खूश झाली. हर्षलाही खूश झाली. त्या खुशीतच तिची नजर घसरली, ती थेट वरच्या फळीवर, डोंगरात घालायच्या बुटांवर.

हर्षला शनिवार-रविवारी शहरातल्या मंडळींना कोथळीगडावर नेते. पावसाळ्यात ती वाट म्हणजे लाल चिखल, चिखलातून डोकं काढलेले धोंडे आणि वर शेवाळलेल्या पायऱ्या. गेल्या पावसात तिच्या बुटाचा तळ सुटला. तिनं तो सुतळीनं बांधून कसाबसा हंगाम काढला. आता तिला घोट्याखालचे, हलके, पाणी आत न घेणारे बूट हवे होते. पण बुटांच्या आधी दुसरीच गोष्ट ठरायची होती. लग्नानंतर गडावर जायचं की नाही? तिचा होणारा नवरा साईनाथ खालापूरकडे कारखान्यात कामाला. “आईला सांगतो मी,” असं तो सुपारी फुटल्यापासून म्हणत होता. मुलगा भला, पण आईपुढे गेला की मूग गिळून बसायचा.

म्हणून तर मघाशी धोंडूबाईनं आपणहून “ते डोंगरातलं बूट काढा बघू,” असं म्हटल्यावर हर्षलाला केवढी आशा वाटली होती! आणि आता ही बाई एकेकाला नावं ठेवत सुटली होती. पहिला उंच निघाला. “घोटा झाकतोय,” म्हणून गेला. दुसऱ्यावर तिनं दुकानदाराच्याच बाटलीतलं पाणी ओतलं. थेंबही आत गेला नाही. दुकानदार फरशी पुसायला लागला, तर हिनं “नाक निमुळतं हाय,” म्हणून तोही परत केला. तिसरा हर्षलाच्या पायात अगदी नेमका बसला होता.

“मला बरोबर बसतोय हा,” ती हळूच म्हणाली होती.

“आज बसतोय,” धोंडूबाई म्हणाली होती.

आज! म्हणजे लग्न झाल्यावर काय? त्या एका शब्दात हर्षलाला सासरचं सगळं दिसलं. घ्यायचे नसतील तर सरळ नाही म्हणावं. मनातून नकोच असलं की बुटाला शंभर खोडी निघतात.

धोंडूबाई जोडवी वाजवत फळीपर्यंत गेली आणि स्वतःच चौथा जोड घेऊन आली. बुटका, मातकट, पुढून बेडकासारखा पसरलेला. ती त्याच्या नाकात बोटं घालून चाचपायला लागली.

आता हर्षलाला राहवेना. ती उठून उभी राहिली. साईनाथ सांगेल तेव्हा सांगेल.

“आधीच सांगते,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर बी मी गडावर जानार हाय. बूट ऱ्हाऊ द्या, नका घेऊ. पन मी जानार.”

दुकानदार फरशीचा कोरडा भाग पुसू लागला.

धोंडूबाई बूट घेऊन वळली. बाकावर बसली, वहाणा काढल्या आणि हर्षलासाठी काढलेल्या त्या बुटांत तिनं स्वतःचे पाय घातले. नाड्या आवळल्या. दारापर्यंत चालत गेली, परत आली, पाय आपटले, लुगडं सावरून चवड्यांवर बसली आणि उठली. हर्षलाला हसावं की रडावं तेच कळेना. मला नाही तर नाही, पण स्वतःसाठी घ्यायचे?

“हेच बांधा,” धोंडूबाई दुकानदाराला म्हणाली. मग हर्षलाकडे वळली. “तुला बघाय आलो व्हतो, तवा तुमच्या पडवीत ते सुतळी बांधलेलं बूट बघितलं मी. तवापासून जिवाला घोर. म्हनलं, पोर पडंल कुठंतरी कातळावर. साईनाथला इचारलं, तर त्यो मुका. ह्यात घोटा मोकळा ऱ्हातो बघ. पैंजन अडकायचं नाय.”

हर्षलाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“मग तो तिसरा का नको म्हनालात, आई?” ही हाक तोंडातून कधी निघाली ते तिचं तिलाच कळलं नाही. “तो तर बसत व्हता मला.”

धोंडूबाईनं बूट काढले आणि पायाची बोटं तिच्यासमोर हलवली.

“त्यात जोडवी रुतली असती, गं. तुझ्या बोटांत अजून यायचीत, म्हून माझं पाय घालून बघितलं.”