कोमट इंजिन

बेनासी व्हॅनमधून उतरला, बाही मागे सारली आणि सरळ गॅरेजमध्ये येऊन मोटरसायकलच्या इंजिनवर तळहात ठेवला.

"गरम आहे, उस्ताद."

ओरेस्ते दाराला टेकून उभा होता. "कोमट आहे," तो म्हणाला.

"कोमट म्हणजे गरमच. मोडेनाहून पहाटे निघालोय मी. फोनवर काय ठरलं होतं आपलं?"

जुन्या गाड्यांच्या बाजारात हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पेझारोपासून मिलानपर्यंत तो न पाळणारा माणूस सापडायचा नाही. इंजिन गार असताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पहिली किक मारायची. आधीच तापवून ठेवलं असेल तर समजायचं, विकणारा काहीतरी झाकतोय. ओरेस्तेला हे शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं तो स्वतः दुसऱ्यांच्या गाड्यांवर असाच हात ठेवत आला होता.

"सकाळी जरा टेकडीवर फिरवून आणली," तो म्हणाला. "निरोप घ्यायला."

निरोपच होता तो. फक्त तिसरा होता. एप्रिलमध्ये तुरिनचा डॉक्टर येणार होता, त्या सकाळीही ओरेस्तेनं गाडी टेकडीवर नेली होती. जूनमध्ये जर्मन जोडपं आलं, तेव्हाही. इतक्यांदा घेतलेल्या निरोपाला निरोप म्हणत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. पण पहाटे डोळा उघडायचा, पाय आपोआप गॅरेजकडे वळायचे आणि त्यांना अडवण्याएवढं बळ आता त्याच्यात उरलं नव्हतं.

गाडी तारसी १७५. लाल. तिचा कारखाना बंद होऊन पन्नास वर्षं झाली. जगात अशा नऊच उरल्यात म्हणतात. हिचं इंजिन विशीतल्या ओरेस्तेनं त्या कारखान्यात स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. आपल्याकडच्या बाकीच्या चार जुन्या गाड्या त्यानं हसत विकल्या. ही गेली की गॅरेजची खोली होणार होती, त्याच्या बायकोसाठी. अर्मिदाच्या खुब्याचं हाड गेल्या ऑक्टोबरात मोडलं आणि तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. गॅरेजच्या कोपऱ्यात न्हाणीघर बांधून झालं होतं. खिडकी मोठी करून झाली होती, भिंतींना पांढरा रंगही लागला होता. फक्त मधोमध ही बया उभी होती.

बेनासीनं वाकून इंजिनाचे आणि सांगाड्याचे नंबर पाहिले, टाकीवरून बोट फिरवलं. "रंग मूळचा. नंबर जुळतायत. सगळं खरंय, उस्ताद. पण माझं गिऱ्हाईक गाडी चालवणारं आहे, काचेत ठेवणारं नाही."

"पहिल्या किकला सुरू होते."

"हे सगळेच सांगतात."

"मग थांबा. कॉफी घ्या. दुपारपर्यंत गार होईल."

"आणि दुपारी म्हणाल, जरा दूध आणायला नेली होती." बेनासी सरळ उभा राहिला. "तुरिनच्या डॉक्टरानं सांगितलं होतं मला. मी म्हटलं, छे, ते ओरेस्ते आहेत. माझ्याशी असं करणार नाहीत."

ओरेस्तेला लाज वाटली. रागही आला, पण तो बेनासीवर नव्हता.

तेवढ्यात जिन्यात धप्प आवाज झाला. मग काही नाही. मग पुन्हा धप्प.

दोघंही धावले. अर्मिदा जिन्याच्या मधोमध बसली होती. काठी गळ्यात अडकवलेली, झगा गुडघ्यांत खोचलेला. बसल्या बसल्या ती एकेक पायरी खाली घसरत होती.

"हात लावू नका कुणी! नऊ झाल्यात, आठ राहिल्यात."

शेवटच्या पायरीवर ती टेकली. चेहरा घामानं भिजला होता.

"बेनासी ना तुम्ही? खिडकीतून ऐकत होते. गाडी चांगली आहे हो. नवरा लबाड आहे."

"अर्मिदा, अगं..."

"तू गप. बेनासी, उद्या सकाळी सातला या. गाडी गार मिळेल."

"कशावरून, काकू?"

"कारण आज रात्री मी तिच्याशेजारी झोपणार आहे. बघू कोण नेतंय टेकडीवर."

"आणि वर कशी जाशील?" ओरेस्ते म्हणाला.

"वर? सतरा पायऱ्या काय परत चढायला उतरले?" तिनं काठीनं त्याच्या बुटाला ढोसलं. "उभा काय राहिलास? फोल्डिंगची कॉट घेऊन ये वरून."

तो कॉट घेऊन आला. ती उघडायला जागाच नव्हती. एका बाजूला न्हाणीघराचं दार, दुसऱ्या बाजूला गाडी. ओरेस्ते कॉट पोटाशी धरून उभा राहिला. एकदा इकडे सरकला, एकदा तिकडे. अर्मिदा पायरीवरून खुबा चोळत बघत होती.

त्यानं कॉट भिंतीला टेकवली. गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल धरलं आणि ढकलत अंगणातून थेट व्हॅनपर्यंत नेली.

"मागचं दार उघडा," तो बेनासीला म्हणाला. "वाटेत गार होईल. घरी पोचलात की तुम्हीच किक मारा आणि मग मला फोन करा."

"आणि नाही झाली सुरू तर?"

"होईल."

गाडी चढवताना त्यानं हात लावला, बेनासी पट्टे आवळायला लागला तेव्हा मात्र तो बघत थांबला नाही. आत आला. फरशीवर गाडीच्या जागी तेलाचा काळा डाग होता. त्यानं कॉट बरोबर त्यावरच उघडली.

"उशी खिडकीकडे," अर्मिदा म्हणाली.