एकशे दहा अंश

"किती आलं?" भिवराबाईने विचारलं.

"एकशे दहा."

"कालच्याइतकंच की."

शिवकन्येने आईच्या खांद्यावरून कोन मोजायची पारदर्शक पट्टी काढली आणि वहीत आकडा लिहिला. येलदरी धरणाच्या पाण्यावरचं धुकं चढून अंगणापर्यंत आलं होतं. शेळ्या दिसत नव्हत्या, नुसत्या घंट्या वाजत होत्या. जणू धुकंच चरत होतं.

चार महिन्यांपूर्वी भिवराबाईचा खांदा आखडला, तेव्हा हात चाळीस अंशांवर अडायचा; बरा खांदा एकशे सत्तरच्या आसपास जातो. फिजिओथेरपिस्ट झालेली लेक रोज सकाळी तो हलवत होती. न्यूझीलंडच्या नोंदणीसाठी पूर्ण बऱ्या झालेल्या एका रुग्णाची पहिल्या दिवसापासूनची नोंद हवी होती. नोंदणी झाली तर तिथल्या लहानशा गावातला दवाखाना तिला कामावर घेणार होता. उद्या अर्जाचा शेवटचा दिवस. दुसरा रुग्ण शोधायला वेळ उरला नव्हता.

"तिकडं माणसापरीस मेंढरं जास्ती हायत म्हणं," भिवराबाई म्हणाली. "मग आपली शेरडं काय वाईट हायत?"

शिवकन्या हसली. वहीची मागची पानं चाळता चाळता तिचं बोट थांबलं. एकशे दहा. एकशे दहा. अकरा दिवस तोच आकडा.

खरा सांधा इतका शिस्तीचा नसतो. थंडीत दोन अंश घटतो, शेकल्यावर तीन वाढतो. मोजणाऱ्याचा हातही थोडा चुकतो. मग तिला आठवलं, हात उचलताना माय पट्टीकडे कधीच बघत नाही. ती भिंतीवरच्या घोंगडीच्या खुंटीकडे बघते. हात खुंटीच्या रेषेत आला की थांबतो.

तिने वही मिटली. थोड्या वेळाने भिवराबाईने आकडी घेतली, म्हणजे लांब काठीला बांधलेला विळा, आणि ती धुक्यात शिरली. शिवकन्या मागोमाग गेली.

बाभळीखाली माय उभी होती. तोच उजवा हात कानाला लागून सरळ वर गेला होता. शेंगा धुक्यातून खाली येत होत्या, आणि फांदी दिसतच नव्हती. माय आभाळालाच आकडी लावून उभी आहे, असं क्षणभर वाटलं.

भिवराबाई वळली. हात खाली आला नाही.

"हात वर गेला की मी जाणार, असं तूच म्हणलीस," ती म्हणाली.

शिवकन्या दगडावर बसली. वही मांडीवर घेतली.

"एकशे दहाच राहू देते, माय. न्हाई जात मी."

भिवराबाई तिच्याकडे बघत राहिली. एक शेळी येऊन तिच्या पदराला हुंगून गेली.

"मी केली लबाडी, मी अडाणी हाय. तू शिकलीस आन् खोटं लिवणार व्हय गं?" तिने आकडी झाडाला टेकवली. "ऊठ. पट्टी लाव."

तिने हात उचलला. इथे खुंटी नव्हती. समोर नुसतं पांढरं धुकं होतं.

शिवकन्येने तीनदा मोजलं. एकशे अडुसष्ट. एकशे बहात्तर. एकशे सत्तर.

एकदाही सारखा आकडा आला नाही.