हेकरूची खूण

खडकांत बुडी मारायला उतरलेली तनुजा वर आली नाही. टाकीतली हवा संपत आली असणार. होडीतून तिच्या आईने, सुलभाने, माशांशी बोलायचं यंत्र पाण्यात सोडलं आणि तिथल्या छोट्या हेकरू माशांना लेकीचा शोध घ्यायला सांगितलं.

थोड्याच वेळात यंत्राच्या होडीतल्या पडद्यावर एक हेकरू दिसला. एका कपारीवर तो डोकं खाली करून उभा होता; कपारीत काही लपलंय हे दाखवायची हेकरूंची ही खूण.

"थंयच आसा ती!" म्हणत नावाडी फ्रान्सिसने उडी घेतली. जाळ्यात अडकलेल्या तनुजाला त्याने सोडवून वर आणलं.

खोकत खोकत, पडद्याकडे बघत ती म्हणाली, "आये, तो मासो अजून तसोच उभो आसा."

सुलभाने लेकीला घट्ट धरलं आणि यंत्राच्या माईकला तोंड लावलं. "गावली रे बाबा, गावली! आता जा तू घराक."