चाळीस सेकंद

या कामात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या याव बोआडीचा फायदा मोजायचा तर तो असा: एक बायको, तिचं बंतामा भागातल्या रस्त्यावरचं चालतं दुकान आणि मरेपर्यंत दुपारचं गरम जेवण. खर्च म्हणाल तर दर बुधवारी अर्धा तास.

हा अकरावा बुधवार. फोल्डर अजून उघडतच होतं.

“बघा मास्तर,” डुफी म्हणाली. “क्लिक केलं की हे बसतं फिरत. बाहेर लोक पोस्टरसाठी उभे आहेत. त्यांना काय सांगू, थांबा, मशीन विचार करतंय?”

“मेलेल्याला कसली आलीय घाई?”

“मेलेल्याला नसते. त्याच्या मेहुण्यांना असते.”

डुफी अंत्यविधीची पोस्टरं आणि पुस्तिका छापायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून एकटीच. घानातल्या या कुमासी शहरात माणूस कधीही मरो, त्याचा अंत्यविधी शनिवारी. म्हणून बुधवारी दुकानात गर्दी, आणि नेमकं त्याच दिवशी मशीन रडायचं. मग बोआडीला फोन.

पहिल्या बुधवारी त्याने आतली धूळ फुंकून काढली. दुसऱ्या बुधवारी फोटोंची छोटी चित्रं दिसणं बंद केलं, नुसती नावं ठेवली. फरक शून्य. तिसऱ्या बुधवारी चोर सापडला. फोल्डरच्या खिडकीत डाव्या बाजूच्या यादीत एक शॉर्टकट होता, ‘पुढचं टेबल’ नावाचा. तो दुसऱ्याच एका कॉम्प्युटरमधल्या फोल्डरकडे बोट दाखवत होता, आणि तो कॉम्प्युटर दुकानात कुठेच नव्हता.

“तुम्ही काहीही उघडा,” बोआडीने समजावलं होतं, “हे आधी त्याला हाक मारतं. उत्तर येत नाही. वाट बघतं. मग नाइलाजाने तुमचं काम करतं.”

“किती वेळ वाट बघतं?”

“चाळीस सेकंद.”

“एवढीच?”

“एवढीच काय? तेवढ्यात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन घासाघीस सुरू करतं!” हसत हसत त्याने शॉर्टकट पुसून टाकला. फोल्डर फटकन उघडलं.

चौथ्या बुधवारी शॉर्टकट पुन्हा जागेवर. पाचव्या बुधवारीही. बोआडी पुसायचा, तो परत यायचा. आता पुसलेली गोष्ट कचरापेटीतून आपल्या पायांनी चालत येत नाही. ती कुणीतरी हाताने उचलून आणावी लागते. आणि दुकानात डुफीशिवाय कुणाचाच हात नव्हता.

बोआडी चाळिशीचा, अविवाहित आणि हिशेबी. त्याने आणखी एक नोंद मनात केली होती. काम झालं की डुफी त्याला ‘वाचे’ची, म्हणजे चवळीभाताची ताटली द्यायची. पहिल्या बुधवारी त्यावर अंडं नव्हतं. सहाव्या बुधवारी एक आलं. आता दोन असायची.

“नवव्यांदा पुसतोय हं मी हा,” आज तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

डुफी प्रिंटरकडे वळली आणि कागद सरळ करत राहिली.

बाहेर शिवणयंत्रावर शेजारीण अमोआकोआ बसली होती. “काय मास्तर, परत बिघडलं?”

“परत.”

“बिघडलं की बिघडवलं?” तिने दाताने दोरा तोडला. “काही पुरुषांचं कठीणच असतं बाई. बाई रोगही आपणच आणते, वैद्यालाही आपणच बोलावते, वर दोन अंडी चारते. तरी हा आपला नाडीच बघतोय!”

बोआडीने घरी जाऊन मामांना सांगितलं. पुढच्या रविवारी चार वडीलधारी माणसं श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या घेऊन ‘दार ठोठावायला’, म्हणजे रीतसर मागणी घालायला, डुफीच्या मामांकडे, सार्पाँग यांच्याकडे, पोचली.

“तुमच्या अंगणात आमच्या मुलाला एक फूल दिसलं,” बोआडीचे मामा रीतीप्रमाणे म्हणाले.

“फूल दिसलं की प्रिंटर?” सार्पाँग मामांनी विचारलं. सगळे खदखदून हसले. बोआडीसुद्धा.

डुफीला बाहेर बोलावलं. बाटली उघडली की होकार; ती उघडायची की नाही, हे मुलीला तीन वेळा विचारायचं असतं.

“डुफी, ही बाटली उघडू का?”

ती खाली बघत राहिली. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. लाजतेय.

“डुफी, उघडू का?”

बोआडीला दम निघेना. “मॅडम, आता सांगूनच टाका सगळ्यांना. मी पुसतो तो शॉर्टकट परत कोण आणतं?”

“मीच आणते.”

खोलीत टाळ्या पडल्या. अमोआकोआने तर आरोळीच ठोकली. बोआडीच्या मामांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

“तिसऱ्यांदा विचारतो,” सार्पाँग मामांचा हात बाटलीच्या बुचावर गेला. “उघडू?”

“पुढच्या टेबलावर माझा नवरा क्वाचे बसायचा,” डुफी म्हणाली. “तो गेला आणि त्याचे भाचे टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर सगळं घेऊन गेले. आपल्यात वारसाहक्क बहिणीच्या मुलांचाच असतो, मी अडवलं नाही. त्याचे फोटो, त्याचा आवाज, सगळं त्या मशीनमध्ये गेलं. माझ्याकडे हा एक शॉर्टकट राहिला. निदान घरातलं काहीतरी त्याला दिवसभर हाक मारत होतं. बुधवारी गिऱ्हाइकं ओरडायला लागली की मी मास्तरांना बोलवायचे. संध्याकाळी मला राहवायचं नाही.”

तिने मामांचा हात बुचावरून अलगद काढला आणि दोन्ही बाटल्या पाहुण्यांकडे सरकवल्या.

“मी माझ्या नवऱ्याला एकदाच पुरलं, मामा. मास्तरांनी नऊ वेळा.”