जागा सोडायची नाही

"वहिनी, बाहेर येऊ नका हं!" शेजारचे श्रीराम भिया हॉलमधून ओरडले.

स्मिता ओट्याशीच थबकली. तिची क्षितिजा मेलबर्नला महिला एकेरीची फायनल खेळत होती, आणि अन्नपूर्णा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये सख्ख्या आईलाच टीव्हीसमोर यायची बंदी होती. सेमीफायनलला ती चहा घेऊन बाहेर आली आणि पोरीने सेट घालवला. ती आत गेली आणि मॅच फिरली. झालं, भियांचा नियम ठरला! सुधाकरनेही बायकोची बाजू घ्यायची सोडून मान डोलावली. तो स्वतः पायाला मुंग्या आल्या तरी मांडी मोडत नव्हता.

हा शुद्ध वेडेपणा होता. पण विषाची परीक्षा कोण घेणार? म्हणून ती धुतलेलीच भांडी पुन्हा धूत, आरडाओरड्यावरून मॅच ओळखत होती.

"चॅम्पियनशिप पॉइंट! बस, एक और!" भिया ओरडले.

आता मात्र तिला राहवेना. जिला इतकी वर्षं पहाटे उठवून कोर्टवर नेलं, तिचं जिंकणं भिंतीआडून ऐकायचं? हात ओढणीला पुसत ती दारात आली. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या.

क्षितिजाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीही नेटमध्येच. डबल फॉल्ट.

आपल्यामुळेच झालं हे. अजून एक चॅम्पियनशिप पॉइंट हातात होता. गुपचूप आत जावं, कुणाला कळणारही नाही. तेवढ्यात पडद्यावर क्षितिजा दिसली. मनगटाने घाम पुसत, ओठ चावत, त्या एवढ्या मोठ्या कोर्टवर एकटी. या पोरीकडे पाठ फिरवायला स्मिताचे पाय तयार होईनात. ती चौकट धरून उभी राहिली.

पुन्हा सर्व्हिस. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग समोरचीचा फटका लाइनच्या बाहेर पडला.

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. स्मिताचा जीव भांड्यात पडला आणि डोळे घळाघळा वाहायला लागले.

"वहिनी आत थांबल्या ना, म्हणून जिंकली आपली छोरी!" म्हणत श्रीराम भिया वळले. "अरे, तुम्ही कब आल्या?"

"डबल फॉल्टच्या आधी," स्मिता नाक पुसत म्हणाली. "सरका जरा."