ओळखीचं अक्षर

शिक्षक कसं शिकवतात ते मुलांनी लिहून द्यायचं होतं, तेही नाव न घालता. पण गणिताच्या मॅडमना नाव कशाला हवं? वर्षभर वह्या तपासून एकेकाचं अक्षर त्यांना पाठ झालं होतं. गालातल्या गालात हसत त्या कागद उलटत होत्या. "शंका विचारल्यावर मॅडम उत्तर देतात का?" या प्रश्नापुढे सगळ्यांनी "हो" लिहिलं होतं. एका कागदावर मात्र होतं, "तीनदा विचारलं. अजून वाट बघतेय."

हे अक्षर काही केल्या ओळखू येईना.

"माझ्या तासाला कुणी हूं की चूं करत नाही," त्या विज्ञानाच्या सरांना म्हणाल्या. "या बाईसाहेबांनी विचारलं तरी कधी?"

"सोडा हो मॅडम. असते एखादी खोडसाळ."

पण मॅडमना चैन पडेना. कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून त्या अक्षर जुळवत बसल्या. अगदी तळाच्या वहीत ते सापडलं, बारीक आणि डावीकडे झुकलेलं. वर्गात कधीच तोंड न उघडणाऱ्या मुलीची वही होती ती. पानं उलटता उलटता मॅडम एका गणितापाशी थांबल्या. त्याच्याखाली लिहिलं होतं, "मॅडम, ही पायरी मला कळली नाही. सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते. इथेच लिहून सांगाल का?"

असं तीन पानांवर होतं. आणि तिन्ही ठिकाणी, त्या ओळींवरूनच, मॅडमची लाल शाईतली बरोबरची खूण होती. शेवटच्या खुणेशेजारी त्यांनी "छान" असंही लिहिलं होतं.