शाळेसमोरचा सिग्नल

"दोघींना प्रत्येकी चारशे बारा मतं," निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. मग नियमाप्रमाणे दोन नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून त्यांनी एक उचलली. "डोरीन हॅडली!"

इंग्लंडमधल्या त्या लहानशा गावाच्या टाऊन हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. शैलजाही वाजवत राहिली. आपण हरलो हे तिला कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं.

शाळेसमोर सिग्नल हवा, एवढ्यासाठीच ती कौन्सिलला उभी राहिली होती. तिचा नवरा हेमंत गेल्या वर्षी तिथेच रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला होता. तीन महिने तिने हे दारोदार सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्या रस्त्याला मात्र ती एकदाही फिरकली नव्हती.

डोरीनबाई तिच्याजवळ आल्या. "सिग्नलचं मी बघते. नेमकी जागा दाखवाल मला?"

"चला ना," म्हणत शैलजाने कोट घातला.

शाळेचं फाटक दिसलं तशी ती थांबली. डोरीनबाईंनी तिचा हात धरला.

"इथे," एवढंच म्हणून शैलजा फुटपाथच्या कडेला बसली. डोरीनबाई छातीवरचा पक्षाचा बिल्ला काढून तिच्या शेजारी बसल्या.